वंशावळीत लेकींची नावं घाला

गणपती जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. मखर, देखावा, भजनाची बारी, चाकरमान्यांचं रिझर्व्हेशन, हेच सगळं. यंदा मात्र सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच निघाला, तो म्हणजे घराण्यातून येणारा कॅन्सर, आणि त्याबद्दल चित्रातून, नाटकातून, गाण्यातून लोकांशी बोलायचं तर कसं बोलायचं. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच पत्रांना दिलंय. सगळ्यांची नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न: ताई, मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. आमच्या वाडीच्या मंडळाने यंदा चलचित्र देखाव्यासाठी आनुवंशिक कॅन्सर हा विषय घेतलाय कारण वाडीतल्या एकाच घरातल्या तीन बायका गेल्या. पोरांचं म्हणणं मोठा खेकडा करूया, मागे यमाचा रेडा, लाल लाईट आणि रडण्याचा आवाज. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय दाखवायचं तेही सुचत नाहीये. आणि डीएनएची ती पिळाची शिडी थर्माकोलची चालेल का?
– चित्रकला शिक्षक, कणकवली तालुका

उत्तर: सर, खेकडा आणि रेडा दोन्ही काढून टाका. घाबरवलेला माणूस दवाखान्यात जातो असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं. जिला छातीत गाठ लागलीय आणि जिने अजून घरात कुणाला सांगितलं नाहीये अशी एखादी बाई तुमच्या देखाव्यासमोर लेकराला कडेवर घेऊन उभी असणारच, आणि तिला यम दिसला की ती अजून गप्प होणार. घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या बाबतीत आपल्या हातात एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे तो यायच्या आधी कळू शकतं. दाखवायचं ते हे.

दुसरं, देखाव्याच्या आधी त्या घरी जा. तीन बायका गेल्या ते घर वाडीत कुणाला माहीत नाही? तुम्ही नाव घ्या नका घेऊ, लोक बोट तिकडेच दाखवणार. त्या घरातल्या माणसांना विचारा, विशेषतः बायकांना, आणि त्या नको म्हणाल्या तर कुटुंब पूर्ण काल्पनिक करा, घराचा रंग, ओटी, माणसं, सगळं वेगळं.

आता दाखवायचं काय. मला विचाराल तर एक ओटी दाखवा, गणपतीला सगळे जमलेत, आजी, बाबा, काका, आत्या, मुंबईहून आलेली मावशी, आणि एक मुलगी मांडीवर वही घेऊन सगळ्यांना विचारतेय. मोटरवर नुसता तिचा लिहिणारा हात हलवा, बाकी काही हलवायची गरज नाही. मागच्या पडद्यावर ती जे लिहितेय ते मोठं करून दाखवा. जेनेटिक्सचे डॉक्टर कुटुंबाचा नकाशा काढतात त्याच्या खुणा अगदी सोप्या असतात, बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, ज्याला आजार झाला त्याचा आकार भरलेला, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ, बाजूला आजार आणि तो झाला तेव्हाचं वय. किमान तीन पिढ्या. तुमच्या आठवीच्या पोरांनाही जमेल.

आणि इथेच आपल्याकडची एक अडचण आहे. आपल्या घरांमध्ये वंशावळी असतात, काही घराण्यांचे तर छापलेले कुलवृत्तांत आहेत, मूळ पुरुषापासून आजपर्यंत दहा दहा पिढ्या. पण त्यातल्या जुन्या पिढ्या काढून बघा, बहुतेक ठिकाणी नुसते पुरुष. लेक लग्न होऊन गेली की रेघ संपली, आणि सून आली ती कुणाची बायको म्हणून आली, तिच्या माहेरचं काहीच नाही. जमिनीच्या वाटणीसाठी तेवढं पुरत असेल, आजार शोधायला ते निम्मं कोरं पान आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जी दोन जनुकं आहेत, ज्यांचं काम पेशीतला तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे आहे, त्यातला बिघाड लेकीकडे जेवढा जातो तेवढाच मुलाकडे जातो, प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता. आजीकडून बाबांकडे आला, बाबांना काहीच झालं नाही, आणि बाबांकडून लेकीकडे गेला, तर लोक काय म्हणतात, हिच्या आईकडे तर कुणालाच नव्हतं, हिला कुठून आलं? म्हणून तुमच्या देखाव्यात एक बल्ब आजीच्या गोलात पेटू दे, मग बाबांच्या चौकोनात, मग लेकीच्या गोलात. बाबा धडधाकट उभे आणि त्यांच्यातून उजेड पुढे गेला. एवढं जरी लोकांच्या डोक्यात राहिलं तरी देखावा कामाचा झाला असं मी म्हणेन.

शिडीचं. थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, बांबूच्या कामट्या घ्या, छान वळतात. पण पीळ कुठल्या बाजूचा ते आधी ठरवा कारण छापील पोस्टरवर, बॅनरवर, कितीतरी ठिकाणी तो उलटा काढलेला असतो. आपल्या शरीरातल्या डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो, म्हणजे शिडी उभी धरली की समोर दिसणारी पट्टी खाली डावीकडून वर उजवीकडे चढली पाहिजे. चित्र आरशात बघून किंवा ट्रेसिंग पेपर उलटा धरून काढलं की पीळ उलटा होतो, तेवढं सांभाळा. एका पूर्ण वेढ्यात साधारण दहा पायऱ्या. पायऱ्यांना चार रंग, डीएनएच्या चार अक्षरांचे, ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी.

आणि जागा उरली तर एका कोपऱ्यात दोन बायकांना जागा द्या. १९५२ मध्ये रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेत डीएनएचा तो प्रसिद्ध एक्स-रे फोटो निघाला, क्रमांक ५१. आणि २५ एप्रिल १९५३ च्या नेचरमध्ये वॉटसन आणि क्रिकचा जो लेख आला त्यातली पिळाची शिडी ओडील क्रिक यांनी काढली होती, फ्रान्सिस क्रिकच्या पत्नी, स्वतः चित्रकार. आज जगभर जिकडेतिकडे जी आकृती दिसते ती एका चित्रकाराच्या हातातून आलीय हे तुमच्या मुलांना कळू दे. फ्रँकलिन १९५८ मध्ये गेल्या, ३७ व्या वर्षी, ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरने.

प्रश्न: माझी आई ५१ व्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मावशीला चाळिशीच्या आत ब्रेस्ट कॅन्सर झाला, ती आता बरी आहे, डोंबिवलीला असते. आजी "पोटाच्या दुखण्याने" गेली एवढंच माहीत आहे. मी ४४ वर्षांची. भाऊ म्हणतो हे आईच्या माहेरचं, आपल्या घराण्यात नाही, विसरून जा. माझी मुलगी आर्टला आहे, तिला प्रोजेक्टसाठी आजीच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवायचीय आणि त्यात हीच वंशावळ घालायचीय, कुणाला काय झालं ते दाखवून. सासूबाई म्हणतात हे प्रदर्शनात लावलंस तर हिचं लग्न जमायचं नाही. मी मधल्यामध्ये अडकलेय.
– देवगडहून एक आई

उत्तर: ताई, आधी गोधडी बाजूला ठेवूया आणि तुमच्याबद्दल बोलूया. तुमच्या पत्रात जे लिहिलंय, एका बहिणीला ओव्हरीचा, दुसरीला कमी वयात ब्रेस्टचा, ते वाचून कुठलाही जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणारा तज्ज्ञ, तुम्हाला या म्हणेल. घाबरून नाही, पण या. आणि हे लांबणीवर टाकू नका कारण तुमच्या वयाला त्याचा संबंध आहे.

टेस्ट शक्यतो आजार झालेल्या आणि हयात असलेल्या व्यक्तीची आधी करतात, म्हणजे इथे मावशीची. तिच्या रक्तात बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं की बाकीच्यांना फक्त तेवढीच जागा तपासायची, आणि मग "नाही" आलं तर ते खरंच नाही असतं. मावशीची न करता आधी तुमची केली आणि काही सापडलं नाही तर मनात शंका राहतेच, बिघाड मुळातच नव्हता की वेगळ्या जनुकात आहे. म्हणून मावशीशी बोला, शक्य असेल तर फोनवर नको, गणपतीला ती येईल तेव्हा दुपारी जरा निवांत बसून.

समजा बिघाड निघाला. बीआरसीए-१ असेल तर वयाच्या ८० पर्यंत १०० पैकी साधारण ७२ बायकांना ब्रेस्ट कॅन्सर आणि ४४ जणींना ओव्हरीचा होतो, बीआरसीए-२ असेल तर ६९ आणि १७, असं मोठ्या पाहणीतून आलंय. आकडे मोठे आहेत, पण हे काहीच न केल्याचे आकडे आहेत. ब्रेस्टसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफीने लक्ष ठेवता येतं. ओव्हरीसाठी तसं भरवशाचं काही नाहीये, ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन सोनोग्राफी आणि रक्ताच्या टेस्टने शोधून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून बीआरसीए असलेल्या बाईला मुलं झाल्यावर ओव्हरी आणि नळ्या काढून टाकायचा सल्ला देतात, बीआरसीए-१ ला ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए-२ ला ४० ते ४५. तुम्ही ४४ च्या आहात, म्हणून म्हटलं लांबवू नका.

भावाला सांगा की आईच्या माहेरचं म्हणजे त्याच्याही आईच्या माहेरचं. बिघाड आईत असेल तर तो त्याच्यात असण्याची शक्यता तुमच्याएवढीच आहे, आणि त्याच्याकडून त्याच्या मुलींकडे. बीआरसीए-२ मध्ये पुरुषांना स्वतःलाही प्रोस्टेटचा धोका वाढतो, क्वचित छातीचा सुद्धा.

आता लेकीची गोधडी. मला ही कल्पना मनापासून आवडली आणि त्याला एक जुना धागा पण आहे. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं की मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात. पॉलिन ग्रॉस तिचं नाव. वॉर्थिनने ते हसण्यावारी नेलं नाही, आणि तिनेही पुढे आपल्या नातेवाइकांची माहिती जमवून त्याला दिली. १९१३ मध्ये त्याने ते कुटुंब छापून जगासमोर मांडलं. ती स्वतः खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. त्याच कुटुंबाच्या अभ्यासातून पुढे ज्याला आज लिंच सिंड्रोम म्हणतात तो आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा, घराण्यातून येणारा आजार उलगडला आणि २००० साली त्यांच्यातला नेमका बिघाड सापडला. एका शिवणाऱ्या बाईने आपल्या घराकडे नीट बघितलं, तिथून हे सुरू झालंय. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

पण गोधडीत नावं नकोत. "मोठी मावशी", "आजी", एवढं टाक्यात घालू दे, गोल आणि चौकोनी ठिगळं, आजाराला गडद कापड. आणि जी हयात आहे ती मावशी, तिचं ठिगळ तिला विचारूनच. तिने नाही म्हटलं तर ती जागा नुसती रिकामी ठेवली तरी बघणाऱ्याला कळतं.

सासूबाईंची भीती खोटी नाही, मी ती उडवून लावणार नाही, आपल्याकडे मुलीच्या लग्नात असल्या गोष्टी निघतात आणि मुलाच्या लग्नात निघत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. पण क्रम बघा. आधी मावशी, मग तुम्ही. मावशीत सापडलेला बिघाड तुमच्यात नसेल तर तो मुलीकडे तुमच्याकडून जाऊच शकत नाही, त्या बाजूची काळजी तिथेच संपली. तुमच्यात निघाला तर टेस्ट करायची की नाही, कधी करायची, कुणाला सांगायची हे तिचं तिने ठरवायचं, ती सज्ञान आहे, आणि एमआरआयची तपासणी साधारण २५ व्या वर्षापासून सुरू होते म्हणजे विचार करायला वेळ आहे. प्रदर्शनात काल्पनिक कुटुंबाची गोधडी लावायची आणि खरी घरी ठेवायची असाही मार्ग आहे. मला तर खरी घरात असणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: आमची जाखडीची पार्टी आहे. यंदा कॅन्सरवर गाणं बांधलंय, चार ओळी पाठवतो, दुरुस्त करून द्या.
"सात पिढ्यांचा शाप लागला, लेकी गेल्या वाया,
कुळाला लागली कीड अशी ही, ढासळला गं पाया..."
– एक शाहीर, गुहागर

उत्तर: शाहीर, चालीत बसतंय, आणि लोक टाळ्याही देतील. पण शाप म्हटलं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, देवस्कीकडे जातो, गाऱ्हाणं घालतो, आणि वर्ष निघून जातं. कीड लागलेलं कुळ म्हटलं की त्या घरात मुलगी कोण देईल? आणि "लेकी गेल्या वाया" ही ओळ तर काढाच, वाया कुणी गेलेलं नाही. तुमच्या हातात सवाल-जवाबासारखी जबरदस्त गोष्ट आहे, शक्तीवाल्याने विचारायचं आणि तुरेवाल्याने उलगडायचं, मग कोडंच घाला ना. मी जमेल तसं लिहून बघितलंय, चाल आणि शब्द तुम्ही तुमच्या पद्धतीने फिरवा:

सांग शाहिरा, भरल्या सभेत, नको फिरवू बात,
बाप धडधाकट, तरी दुखणं का शिरलं लेकीच्या घरात?

जोडीजोडीनं जनुक येती, एक आई, एक बाप,
बापाकडनं आलं लेकीला, कुणाचं ना ह्यात पाप.
आजी सांगा, आत्या सांगा, मावशी विसरू नका,
वय सांगा नि आजार सांगा, वहीत लिहून राखा.

पुढचं कडवं पुरुषांवर बांधा. नाचणारे सगळे पुरुष, समोर बसलेले निम्मे पुरुष, आणि गाणं फक्त बायकांच्या आजारावर असं नको. वर ज्या लिंच सिंड्रोमबद्दल लिहिलं त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर पुरुषांनाही कमी वयात होतो. ज्याच्या घरात तो बिघाड आहे त्याने साधारण २० ते २५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायचं असतं, आत मोड, म्हणजे पॉलिप, दिसला तर तो कॅन्सर व्हायच्या आधीच काढून टाकतात. म्हणजे नुसतं लवकर सापडतो असं नाही, होण्याआधी थांबतो. याच्यावर कडवं होईल का बघा, मला वाटतं होईल.

प्रश्न: ताईनू, मी दशावतारात स्त्रीपार्टी करतंय. मालकांका यंदाच्या जत्रेक आख्यानात ह्यो विषय घालूचो आसा. साडी नेसून छातीच्या गाठीबद्दल बोललंय तर लोक हसतीत काय? तुमका काय वाटता?
– मालवण

उत्तर: दादा, तुम्ही रंगमंचावर राणी म्हणून रडता तेव्हा रात्री दोन वाजता बायका पदर डोळ्याला लावतात, ते लोक हसतील असं मला वाटत नाही. हसले तर सुरुवातीला एखाद-दोघं. मला तर तुम्हीच बोलावं असं वाटतं, कारण शेवटी पात्र सोडून दोन वाक्यं पुरुष म्हणून बोलता येतील, की बाबांनो हा बिघाड माझ्यातही असू शकतो, मी माझ्या लेकीला देऊ शकतो, आईची आणि आज्येची दुखणी मी विचारून ठेवलीत, तुम्ही ठेवलीत काय? हे फक्त स्त्रीपार्टी करणाराच बोलू शकतो.

एकच काळजी घ्या. तुमची बोलणी लिहिलेली नसतात, समोरच्याने जे टाकलं त्यावर तुम्ही आयत्या वेळी देता, तीच दशावताराची ताकद. पण आजाराची माहिती आयत्या वेळी नको. रंगात येऊन कुणीतरी "आईला झाला की लेकीला होतोच" असं ठोकून देईल आणि तीनशे माणसं ते घेऊन घरी जातील. तेवढी चार वाक्यं आधी डॉक्टरांकडून तपासून, पाठ करून ठेवा, बाकी सगळं मोकळं.

प्रश्न: कॅन्सर झालेल्या बाईच्या ताटात जेवल्याने किंवा तिची साडी नेसल्याने घरातल्यांना होतो का?
– लांजा

उत्तर: नाही. अजिबात नाही. तिला पंगतीतून बाजूला बसवत असाल तर आजच थांबवा.

प्रश्न: मी दहावीला विज्ञान शिकवते. पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा आहे, मुलं पाठ करतात पण समजत नाही. सावंतवाडीची गंजिफा घेऊन खेळ करावा असं मनात आहे. जमेल का?
– शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर: जमेल, आणि सावंतवाडीत नाही जमणार तर कुठे. पण खरी दशावतारी गंजिफा, १२० पानांची, दहा अवतारांची, ती खेळासाठी वापरू नका. एक तर हाताने रंगवलेली महाग गोष्ट, आणि देवाच्या पानाला बिघाड असं म्हटलेलं कुणाला दुखवू शकतं. मुलांकडूनच पुठ्ठ्याची गोल पानं कापून घ्या आणि गंजिफासारखी वेल, फुलं, पक्षी रंगवू द्या. रंगवताना ती पानं त्यांची होतात, मग खेळ लक्षात राहतो.

खेळ असा. एक मुलगी आई, एक मुलगा बाबा, दोघांकडे दोन दोन पानं. चारातल्या एकाच पानाच्या मागे बारीक ठिपका. बाकीची मुलं म्हणजे अपत्यं, प्रत्येकाने न बघता आईकडचं एक आणि बाबांकडचं एक ओढायचं, बघायचं, परत ठेवायचं. थोड्या वेळाने वर्गात कुणीतरी म्हणणारच, "पहिल्या दोघांना ठिपका आला, आता मला नाही येणार." तिथे थांबा! हाच गैरसमज घराघरात आहे, थोरलीला झालं म्हणजे धाकटी सुटली. प्रत्येक वेळी पानं तीच, शक्यता तीच, निम्मी. चार भावंडांत चौघांना ठिपका येईल किंवा एकालाही येणार नाही, दोन्ही होतं. हे त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून बघितलं की सांगायची गरज राहत नाही. मग एक वाक्य जोडा, की ठिपका म्हणजे आजार नव्हे, ठिपका म्हणजे धोका जास्त, लक्ष ठेवायला हवं.

आणि कृपा करून "घरून आपल्या कुटुंबातले आजार लिहून आणा" असा गृहपाठ देऊ नका. कुणी दत्तक असतं, कुणाच्या आईचं दुसरं लग्न असतं, कुणाच्या घरात काहीतरी चालू असतं जे अजून मुलाला सांगितलेलं नसतं. चाळीस वह्या वर्गात फिरणं बरं नाही.

प्रश्न: मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस. बाप्पासमोर कॅन्सर, गर्भाशय, स्तन असले अभद्र विषय कशाला? गणपतीत आनंद असावा. शिवाय घाबरवून काय मिळतं? ज्याच्या नशिबात आहे त्याला होणारच.
– राजापूर

उत्तर: काका, आनंदाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे म्हणूनच वर यम आणि रेडा काढायला सांगितलं. पण सार्वजनिक गणपती सुरू झाला १८९३-९४ च्या सुमारास तेव्हापासून मेळ्यांमध्ये लोकांच्या अडीअडचणींवर गाणी होतीच, आणि तो लोकांपर्यंत नेणारे टिळक आपल्याच रत्नागिरीत जन्मलेले. वर्षातून एकदा अख्खं कुटुंब एका ओटीवर बसतं ते याच दिवसांत. मग घराची दुखणी लिहून घ्यायला दुसरा कुठला दिवस काढायचा?

उघड बोलल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण देते. मे २०१३ मध्ये अँजेलिना जोली या अभिनेत्रीने वर्तमानपत्रात लिहिलं की माझी आई ५६ व्या वर्षी कॅन्सरने गेली, माझ्यात बीआरसीए-१ चा बिघाड आहे, मी दोन्ही स्तन आधीच काढून घेतले. त्यानंतरच्या जून-जुलैत ब्रिटनमधल्या घराण्यातल्या कॅन्सरच्या क्लिनिककडे आदल्या वर्षीच्या जवळपास अडीच पट बायका पाठवल्या गेल्या. एका बाईने लाज न धरता लिहिलं एवढंच. आपल्याकडे तिचं नाव गावागावात माहीत नसेल पण ओटीवरची आत्या बोलली तर तेवढंच काम होईल.

नशिबाचं म्हणाल तर, बहुतेक कॅन्सर घराण्यातून येतच नाहीत, १०० मधले ५ ते १० येतात. हे मंडळांनीही देखाव्यात मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे नाहीतर लोकांना वाटेल आमच्या घरात नाही म्हणजे आम्ही मोकळे. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका अजून आहेत, तंबाखू तर आहेच, आणि तो धोका रोज सकाळी आपण आपल्या हाताने घेतो, त्यात नशीब कुठे आलं? मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने छाती तपासायच्या, मशीन नाही काही नाही. ५० आणि त्यापुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. काका, तुम्ही आयुष्यभर घरोघरी पत्रं पोचवलीत, तुमचा शब्द वाडीत ऐकतील. यंदा तुम्हीच मंडळाच्या ओटीवर बसा आणि एक कुटुंब लिहून दाखवा, आधी तुमचं.

प्रश्न: देखावा बघून लोक विचारणार, मग आता पुढे काय? बाहेरच्या बोर्डावर नेमकं काय लिहू?
– मंडळाचा कार्यकर्ता, वेंगुर्ला

उत्तर: हे आधीच विचारलंस ते फार बरं केलंस, कारण देखावा करून लोकांना तसंच घरी पाठवणं मला पटत नाही.

बोर्डावर लिही की खालीलपैकी काही घरात असेल तर डॉक्टरांशी बोला: ५० च्या आत ब्रेस्ट कॅन्सर, कुठल्याही वयात ओव्हरीचा, दोन्ही स्तनांत, पुरुषाला छातीचा, ५० च्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा, किंवा आईच्या वा वडिलांच्या एकाच बाजूला दोन-तीन जणांना. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपासून किंवा जिल्हा रुग्णालयापासून करा, सोबत तीन पिढ्यांचा कागद न्या. परळचं टाटा मेमोरियल आणि त्यांचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, तिथे कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं, आणि आपल्या माणसांना खारघर परळपेक्षा सोयीचं, कोकण रेल्वेने पनवेलला उतरलं की जवळच आहे. मोफत टेस्ट असं बोर्डावर लिहू नकोस, जोपर्यंत कुणी तसं लेखी दिलेलं नाही. आणि जमलं तर एका संध्याकाळी डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेला मंडपात बसव, पडदा लावलेल्या बाजूच्या खोलीत, बायकांना चारचौघांत विचारता येत नाही.

अजून एक ओळ टाक, हे कुणी सांगत नाही. घरातलं माणूस कॅन्सरने गेलं असेल तर त्याचे बायोप्सीचे रिपोर्ट फेकू नका, माळ्यावर नको, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कागद टिकत नाहीत. त्यांचा फोटो काढून मुंबईच्या भावंडांना पण पाठवा. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक बऱ्याचदा काही वर्षं ठेवलेला असतो, नातेवाइकांनी अर्ज केला तर तो मिळू शकतो आणि माणूस हयात नसतानाही त्यातून कधी कधी तपासता येतं. म्हणून लवकर विचारा.

बोर्ड मोठ्या अक्षरात कर, आणि त्याच्यावर एक लाईट टाक, आमच्याकडे देखावे बघायला लोक रात्री दहानंतरच येतात.